एक मिनिट

संगमनगरच्या बालवाडीत आज मुलांना सुट्टी.
दाराला चादर लावली आहे, खिडकीला वर्तमानपत्र,
तरी अँटॉप हिलचं ऊन फटीतून आत येतंच.
भिंतीवर ग गवताचा, घ घराचा.
टेबलावर प्रफुल्ला हडकर, वय सेहेचाळीस,
नजर पंख्यावर, मुठीत पदर.

मी व्हिनेगर लावते.
हो, तेच, चायनीजच्या गाडीवर असतं ते,
पाणी घालून मोजून केलेलं.
आता एक मिनिट थांबायचं.
घड्याळ माझ्या मनगटावर, टॉर्च डाव्या हातात.

एका मिनिटात किती सांगणार?
सांगते तरी, बोललं की त्यांचे पाय सैल पडतात.

हा विषाणू धड जिवंत नाही, मेलेलाही नाही.
आठेक ओळींची चिठ्ठी, वर प्रथिनाचं पाकीट.
बहुतेकींचं अंगच त्याला
वर्ष-दोन वर्षांत हाकलून देतं, कळतही नाही.
एखादीत मात्र तो राहतो.
पेशीला वाढ म्हणणारं कुणी असतं, थांब म्हणणारंही असतं;
हा थांब म्हणणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवतो.
कधी चिठ्ठी फाटते
आणि तिचा तुकडा पेशीच्या स्वतःच्या वहीत शिवला जातो.
पेशी मग गिरवत बसते,
आपलंच अक्षर समजून.

"म्हणजे पोटभाडेकरू," त्या म्हणतात.
मी घड्याळातून मान वर करते.
"आमच्या माळ्यावर ठेवला होता ह्यांनी एक, चार महिन्यांसाठी.
नऊ वर्षं राहिला. लाइट बिलावर नाव आलं त्याचं.
आम्हीच चोरासारखे जिना चढायचो."

चाळीस सेकंद.
बाहेर पाण्याच्या टँकरवर भांडण लागलंय.

"किती वर्षं असतो आत?"
दहा. पंधरा. वीसही.
त्या बोटांवर मोजतात, मला दिसतं.
हडकर ड्रेजरवर होते, गोदीत,
आणि जाऊन अकरा वर्षं झाली.
"म्हणजे त्यांचाच."
तसं सांगता येत नाही हो.
ह्याला तारीख नसते, पत्ता नसतो,
कुणाकडून कुणाला, ते कुठल्याच रिपोर्टात येत नाही.
हे वाक्य मला पाठ आहे. आज तोंडात अडकतं.

त्या हसतात. टेबल हलतं, मी म्हणते हलू नका.
"खोली दिराच्या नावावर केली,
फंडाचे पैसे सासूला.
माझ्या नावावर काय ठेवलं असेल, तर हे."

साठ.
टॉर्च.
गुलाबी कडेला पांढरा डाग,
दुधावरच्या सायीच्या तुकड्याएवढा, कडा स्पष्ट.
मी तो आधी डोळ्यांनी मोजते, मग कागदावर काढते,
गोल, त्यात एक वाकडा ढग.
बालवाडीच्या पेन्सिलीनं. माझं पेन सापडत नाहीये.

हा कॅन्सर नाही, मी म्हणते. अजून नाही.
परळला तपासतील, गरज पडली तर तिथल्या तिथे जाळतील,
त्याच दिवशी घरी.
'अजून' हा शब्द मी हळू म्हणते
आणि नेमका तोच त्यांना ऐकू येतो.

"माझी प्राची आठवीत आहे."
तिच्यासाठी लस आहे.
"आधी तिचं सांगा. कुठे, कधी, किती."
मी लिहून देते. त्या दोनदा वाचतात,
घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवतात.
स्वतःची परळची चिठ्ठी टेबलावरच राहते,
ती मी हातात कोंबते.

उतरतात. निऱ्या नीट करतात, घ घराचाकडे पाठ करून.
चादर बाजूला सारताना थबकतात.
मला वाटतं काही विचारतील.
"कुलूप न लावताच आले हो मी," म्हणतात,
आणि झपाझप निघतात.

पुढची बाई आत येते.
"कसला वास येतोय, सिस्टर?"
मी बोटं हुंगते.